रेचल कार्सन यांच्यापासून लपवलेला रिपोर्ट

१९६० सालच्या एप्रिल महिन्यात वॉशिंग्टनमधल्या एका रुग्णालयात ५२ वर्षांच्या एका बाईंच्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं. स्तनात गाठी होत्या आणि त्यातली एक सर्जनना संशयास्पद वाटली. तेव्हाच्या रीतीप्रमाणे त्यांनी पूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी, सगळं काढून टाकलं. नंतर बाईंनी सरळ विचारलं, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट काय आला? कॅन्सरच्या सीमेवरची अवस्था आहे, पुढे काही उपचार नकोत, असं त्यांना सांगण्यात आलं. बाई घरी गेल्या आणि अर्धवट राहिलेलं पुस्तक त्यांनी पुन्हा हातात घेतलं.

गाठ सीमेवरची नव्हती. तो कॅन्सरच होता. बाईंचं नाव रेचल कार्सन. आजारपणापूर्वी त्या पुस्तकाच्या ज्या भागावर त्या काम करत होत्या, तो भाग होता माणसाला होणाऱ्या कॅन्सरविषयी.

ते पुस्तक म्हणजे ‘सायलेंट स्प्रिंग’. ते १९६२ मध्ये आलं आणि कीटकनाशकांकडे पाहण्याची जगाची नजर त्यानं बदलली. पर्यावरणाच्या पाठ्यपुस्तकात कार्सन यांच्यावर एक परिच्छेद असतो, जागतिक पर्यावरण दिनाला त्यांचा फोटो छापला जातो. पण हे पुस्तक लिहिताना लेखिका स्वतः कोणत्या अवस्थेत होती आणि तिच्या डॉक्टरांनी तिला काय सांगितलं, काय नाही, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. डॉक्टरांना तर ती आवर्जून सांगायला हवी.

कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्प्रिंगडेल या गावी झाला. पिट्सबर्गच्या कारखान्यांपासून जवळच, ॲलेगेनी नदीच्या काठी हे गाव. वडिलांची ६५ एकर जमीन, पण हातात पैसा कधीच नाही. आई मराया लग्नाआधी शिक्षिका होती. ती मुलीला घेऊन रानात हिंडायची, पक्षी आणि किडे ओळखायला शिकवायची. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी या माउलीनं पियानोच्या शिकवण्या घेतल्या, सफरचंदं विकली, शेवटी घरातली चांगली चिनी मातीची भांडीही विकली. अकराव्या वर्षी मुलांच्या मासिकात पहिली गोष्ट छापून आलेली रेचल कॉलेजात गेली ती लेखिका व्हायला. मेरी स्किंकर या प्राध्यापिकेचा जीवशास्त्राचा वर्ग लागला आणि मध्येच विषय बदलला. समुद्रावर पुढे तीन पुस्तकं लिहिणाऱ्या या मुलीनं समुद्र पहिल्यांदा पाहिला तो १९२९ मध्ये, पदवी घेतल्यानंतर, वूड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९३२ मध्ये प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळाली. तो मंदीचा काळ होता. १९३५ मध्ये वडील अचानक गेले. १९३७ मध्ये थोरली बहीण गेली आणि तिच्या दोन लहान मुली कार्सन आणि त्यांच्या आईकडे आल्या. पीएच.डी. बाजूला पडली. सरकारी मत्स्यविभागात रेडिओसाठी माशांवरच्या सात मिनिटांच्या संहिता लिहिण्याचं काम मिळालं, तेही अर्धवेळ. एकूण ५२ भागांची ती मालिका. आधीच्या लेखकांना एक तर मासे कळत नव्हते किंवा लिहिता येत नव्हतं. या बाईंना दोन्ही येत होतं.

तिथले अधिकारी एल्मर हिगिन्स यांचा किस्सा प्रसिद्ध आहे. विभागाच्या एका पुस्तिकेसाठी त्यांनी कार्सन यांच्याकडून समुद्रावर प्रस्तावना मागवली. वाचून म्हणाले, हे आपल्या कामाचं नाही. दुसरं काहीतरी लिहून द्या आणि हे ‘अटलांटिक मंथली’ला पाठवा. सप्टेंबर १९३७ मध्ये तो लेख तिथं छापून आला. सरकारी नोकरीत इतका चांगला साहेब सगळ्यांच्याच वाट्याला येत नाही.

त्या लेखातून १९४१ मध्ये पहिलं पुस्तक उभं राहिलं, ‘अंडर द सी-विंड’. त्यातली पात्रं म्हणजे एक मॅकरेल मासा, एक ईल आणि किनाऱ्यावरचे पक्षी. एकही घटना मनानं रचलेली नाही, तरी गोष्टीसारखं वाचत जावं असं हे लेखन. आपल्याकडे अनिल अवचट यांचे रिपोर्ताज वाचलेल्यांना ही जातकुळी ओळखीची वाटेल. पुस्तक निघालं आणि महिन्याभरात पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले. प्रती दोन हजारही खपल्या नाहीत. पुढची दहा वर्षं दिवसा सरकारी कचेरीतलं संपादन आणि रात्री स्वतःचं लेखन, असंच चाललं. १९५१ मध्ये आलेलं ‘द सी अराउंड अस’ मात्र ८६ आठवडे खपाच्या यादीत राहिलं, त्याला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं, तीसहून अधिक भाषांत ते गेलं. १९५२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि मेनच्या किनाऱ्यावर छोटं घर बांधलं.

कार्सन लिहायच्या फार हळू. एक परिच्छेद कितीदा तरी पुन्हा लिहायचा, मोठ्यानं वाचून पाहायचा, कानाला खटकलं की पुन्हा मोडायचा. आई टाइप करून द्यायची. समुद्राविषयी भरती-ओहोटी न पाहिलेल्या माणसालाही कळेल असं लिहायचं, पण समुद्रशास्त्रज्ञाला त्यात चूक सापडता कामा नये, अशी दुहेरी अट त्यांनी स्वतःवर घालून घेतली होती. विज्ञान ही प्रयोगशाळेतल्या मूठभरांची मिरास नाही, ते रोजच्या जगण्याचा भाग आहे आणि ते कळण्याचा सगळ्यांना हक्क आहे, ही त्यांची भूमिका होती. पुढे तिचीच कसोटी लागली.

जानेवारी १९५८ मध्ये ओल्गा ह्युकिन्स या परिचित बाईंचं पत्र आलं. मॅसॅच्युसेट्समध्ये डासांसाठी विमानातून डीडीटी फवारलं होतं आणि त्यांच्या अंगणातले पक्षी तडफडून मेले होते. कार्सन यांना हा विषय नवा नव्हता. १९४५ मध्येच त्यांनी ‘रीडर्स डायजेस्ट’ला डीडीटीवर लेख देऊ केला होता, तो नाकारला गेला. याही वेळी आधी त्यांनी ई. बी. व्हाइट या नामवंत लेखकाला लिहिण्याची गळ घातली. तुम्हीच लिहा, असं उलट उत्तर आलं.

डीडीटीचा तेव्हाचा दबदबा आज कल्पनेत येणार नाही. पॉल म्युलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाला १९३९ मध्ये त्याचा कीटकनाशक गुण सापडला. १९४३-४४ च्या हिवाळ्यात नेपल्स शहरात उवांमधून पसरणारी टायफसची साथ त्यानं आटोक्यात आली. १९४८ मध्ये म्युलर यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, डॉक्टर नसताना. युद्धानंतर हीच पावडर शेतात, बागेत, स्वयंपाकघरात, शहरातल्या झाडांवर सगळीकडे गेली. हात लावला तरी काही होत नाही, मग घाबरायचं कशाला?

कार्सन यांनी दाखवून दिलं, की प्रश्न हात लावण्याचा नाहीच. डीडीटी पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं. शरीराला ते सहज बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे खाणाऱ्याच्या अंगात ते साठत जातं आणि त्याला खाणाऱ्याच्या अंगात आणखी. पुस्तकातलं कॅलिफोर्नियाच्या क्लिअर लेकचं उदाहरण कोणत्याही वैद्यकीय विद्यार्थ्याला पाठ असावं. तळ्यावर चिलटं फार, चावत नसत पण पर्यटकांना त्रास. १९४९, १९५४ आणि १९५७ अशी तीनदा पाण्यात डीडीडी हे डीडीटीचं भावंड मिसळलं. प्रमाण किती, तर दुसऱ्या वेळी पाच कोटी भाग पाण्यात एक भाग. म्हणजे दहा लाखांत ०.०२. पाण्यावरच्या प्लवंगांत ते दहा लाखांत ५ झालं. प्लवंग खाणाऱ्या माशांत आणखी वाढलं, त्या माशांना खाणाऱ्या माशांत त्याहून वाढलं. आणि मासे खाणाऱ्या ग्रीब पक्ष्यांच्या चरबीत, हा पक्षी आपल्या टिबुकलीच्या घराण्यातला, ते निघालं १६००. पाण्याच्या ८० हजार पट. पक्ष्यांच्या हजारावर जोड्या होत्या, त्या तीसच्या आसपास उरल्या आणि घरट्यांत पिल्लं दिसेनात. पाणी तपासलं तर त्यात औषध सापडत नव्हतं. ते सगळं जिवंत प्राण्यांच्या अंगात जाऊन बसलं होतं.

‘औषध’ हा शब्द वर सहज आला. विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी फवारणीच्या विषाला औषधच म्हणतो. दुकानदारही तसंच विकतो. या नावाबद्दल कार्सन यांचा आक्षेप होता. ही रसायनं फक्त किडीला मारत नाहीत, तेव्हा त्यांना कीटकनाशक नव्हे, जीवनाशक म्हणा, असं त्यांनी सुचवलं.

अशा एकेका उदाहरणामागे ढीगभर कागद असत. शेकडो शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार, सरकारी अहवाल, वैद्यकीय नियतकालिकं. काही सरकारी शास्त्रज्ञ नाव न सांगण्याच्या अटीवर माहिती पुरवत. नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचे विल्हेल्म ह्युपर व्यवसायातून होणाऱ्या कॅन्सरचे जाणकार, त्यांची मोठी मदत झाली. घरचं दुखणं-खुपणं याच काळात चालू होतं. १९५७ मध्ये भाची गेली, तिचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर कार्सन यांनी दत्तक घेतला. १९५८ च्या डिसेंबरात आई गेली. १९६० च्या सुरुवातीला ड्युओडिनमचा अल्सर, मग न्यूमोनिया आणि मग ते ऑपरेशन.

ऑपरेशननंतर आठ महिन्यांनी, डिसेंबर १९६० मध्ये, डाव्या बाजूच्या बरगडीवर एक टणक सूज हाताला लागली. या वेळी कार्सन आधीच्या डॉक्टरांवर विसंबून राहिल्या नाहीत. क्लीव्हलँड क्लिनिकचे सर्जन जॉर्ज क्राइल (धाकटे) त्यांच्या ओळखीचे होते. हे गृहस्थ आपल्या व्यवसायात बंडखोर समजले जात. प्रत्येक स्तनाच्या कॅन्सरला स्नायूंसकट सगळं कापून काढण्याची गरज नाही, असं ते तेव्हा उघडपणे म्हणत आणि सहकाऱ्यांचा रोष ओढवून घेत. पुढच्या काळानं त्यांना बरोबर ठरवलं. क्राइल यांनी आधीचे कागद पाहिले, तपासलं आणि सांगितलं: एप्रिलमधली गाठ कॅन्सरचीच होती, तो पसरला आहे, आता किरणोपचार घ्यावे लागतील. आपल्याकडे पेशंट ज्याला ‘लाइट’ किंवा ‘शेक’ म्हणतात, ते.

या धक्क्यानंतर कार्सन यांनी क्राइल यांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. त्यात तक्रार नाही, आभार आहेत. आपली समज आणि मनाची ताकद यांचा मान राखून तुम्ही मोकळेपणानं बोललात, असं त्या लिहितात. परिस्थिती वेगळी असती तर बरं झालं असतं, पण खरं काय ते माहीत असलं की मन अधिक शांत राहतं, असाही त्यात भाव आहे.

एप्रिलमध्येच खरं सांगितलं असतं तर त्या किती वर्षं अधिक जगल्या असत्या? छातीठोकपणे कोणीच सांगू शकणार नाही. १९६० मध्ये डॉक्टरांच्या हातात फार काही नव्हतं. टॅमॉक्सिफेन आणि ऑपरेशननंतरची केमोथेरपी या पुढच्या दशकातल्या गोष्टी. पण किरणोपचार तेव्हा घ्यायचे की नाही, दुसरं मत घ्यायचं की नाही, हाती असलेल्या वेळात पुस्तक आधी संपवायचं की प्रवास करायचा, हे ठरवण्याचे आठ महिने त्यांच्याकडून काढून घेतले गेले, यात शंका नाही.

त्या सर्जनना खलनायक ठरवण्यातही अर्थ नाही. ते त्यांच्या काळाप्रमाणे वागले. १९६१ मध्ये डोनाल्ड ओकेन यांनी शिकागोच्या एका रुग्णालयातल्या २१९ डॉक्टरांना विचारलं होतं, कॅन्सरच्या रुग्णाला निदान सांगता का? दहापैकी जवळपास नऊ जण साधारणपणे सांगत नव्हते. कारण विचारलं तर म्हणत, रुग्ण खचतो. अठरा वर्षांनी, १९७९ मध्ये, तोच प्रश्न दुसऱ्या डॉक्टरांना विचारला तेव्हा ९७ टक्के म्हणाले, आम्ही सांगतो. या बदलामागे कॅन्सरवर वाढलेले उपचार होते, कायदा होता आणि रुग्णांनी लावून धरलेली मागणीही होती.

आपल्या वॉर्डांत हा बदल अजून अर्ध्या वाटेवर आहे. राउंड संपता संपता मुलगा डॉक्टरांना व्हरांड्यात गाठतो. ‘साहेब, आईला काही सांगू नका, ती हाय खाईल.’ मग केसपेपरवर ‘माइटॉटिक लीजन’ असे गूढ शब्द पडतात आणि आईला सांगितलं जातं, गाठ आहे साधी, मुंबईला दाखवून येऊ. आता ‘टाटा’ला नेतात म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कोणाला कळत नाही? आईला पहिल्या दिवशीच कळलेलं असतं. ती मुलासाठी गप्प बसते, मुलगा आईसाठी गप्प बसतो, आणि जमिनीचं, धाकटीच्या लग्नाचं, कोणाला शेवटचं भेटायचं त्याचं बोलणं राहून जातं. मुलाची माया खोटी नसते. पण आजार आईचा असतो. तिला किती जाणून घ्यायचं आहे, हे आधी तिलाच विचारायला हवं. काही जण खरोखरच ‘तुम्हीच काय ते बघा’ म्हणतात, त्यांच्यावर माहिती लादू नये. पण विचारल्याशिवाय ते कळणार कसं? कार्सन यांनी तर विचारलं होतं.

१९६१ हे वर्ष त्यांना अंथरुणावर गेलं. किरणोपचारांनी आलेली मळमळ आणि थकवा, मग जंतुसंसर्ग, गुडघे इतके सुजले की चाकांच्या खुर्चीशिवाय हालता येईना. वर्षाच्या शेवटी डोळ्यांच्या बाहुलीभोवतालच्या पडद्याला सूज आली आणि वाचणं बंद झालं. मदतनीस मोठ्यानं वाचून दाखवी आणि त्या ऐकत दुरुस्त्या सांगत. स्वतःचं लेखन कानानं तपासायची सवय अशी कामाला आली. जून १९६२ मध्ये ‘न्यू यॉर्कर’मध्ये तीन भागांत मजकूर प्रसिद्ध झाला आणि २७ सप्टेंबरला पुस्तक आलं. शेवटी संदर्भांचीच ५५ पानं.

हल्ला अपेक्षित होता आणि झालाही. एका रसायन कंपनीनं प्रकाशकाला वकिलामार्फत पत्र पाठवलं. दुसरीनं विडंबन छापलं. अविवाहित बाई, भावनाप्रधान, पक्षीवेडी असे टोमणे झाले. अमेरिकन सायनामिड कंपनीचे रॉबर्ट व्हाइट-स्टीव्हन्स पांढरा कोट घालून टीव्हीवर सांगत, की या बाईंचं ऐकलं तर आपण अंधारयुगात परत जाऊ.

आता कल्पना करा, या लोकांना कळलं असतं की बाईंना स्तनाचा कॅन्सर आहे. पुस्तकातली कॅन्सरची दोन प्रकरणं एका फटक्यात निकालात निघाली असती. आजारी बाईचा राग, एवढंच म्हटलं की झालं. म्हणून कार्सन यांनी आजार लपवला. मैत्रीण डोरोथी फ्रीमन, एजंट, संपादक अशा मोजक्या माणसांनाच तो माहीत होता आणि त्यांना बाहेर काही न बोलण्याची ताकीद होती. केस गेले तर डोक्यावर टोप आला. कोणी चौकशी केली की उत्तर ठरलेलं: संधिवात. लोकांना सगळं कळलं पाहिजे म्हणणाऱ्या बाईंनी स्वतःचं गुपित ठेवलं, यात विसंगती दिसेल. पण आपल्या शरीराची माहिती कोणाला द्यायची हे रुग्णानं ठरवणं वेगळं, आणि ती रुग्णालाच न देणं वेगळं. आजही वॉर्डात या दोन गोष्टींची अनेकदा अदलाबदल होते. पेशंटपासून रिपोर्ट लपतो आणि तोच रिपोर्ट सोसायटीभर फिरतो.

३ एप्रिल १९६३ रोजी सीबीएस वाहिनीवर त्यांच्यावरचा कार्यक्रम झाला. त्याआधीच तीन प्रायोजकांनी माघार घेतली होती. पडद्यावर दिसल्या त्या शांत, मोजकं बोलणाऱ्या बाई. अंधारयुगाचा इशारा देणारा पांढरा कोटच उलट भावनाप्रधान वाटला. १५ मे रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीचा अहवाल आला, त्यानं कार्सन यांचं म्हणणं बऱ्याच अंशी उचलून धरलं. ४ जूनला त्यांनी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. दुसऱ्यानं फवारलेलं विष आपल्या घरात येऊ नये, हा माणसाचा मूलभूत हक्क मानावा, ही त्यातली मागणी गाजली. दुसरी तेवढी गाजली नाही: कीटकनाशकांच्या आरोग्यावरील परिणामांबद्दल डॉक्टरांनाच पुरेशी माहिती नसते, तेव्हा वैद्यकीय संशोधन आणि शिक्षण वाढवा.

साठ वर्षांनंतर त्यातलं काय टिकलं? पक्ष्यांबद्दलचं बहुतेक सगळं. शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं डीडीटीपासून बनणाऱ्या डीडीई या द्रव्यामुळे पातळ होतात, हा पुरावा त्यांच्या मृत्यूनंतर पुढे आला. कॅन्सरची प्रकरणं तुलनेनं दुबळी आहेत. कॅन्सरचं प्रमाण वाढण्यात वाढलेलं आयुर्मान आणि तंबाखू यांचा वाटा मोठा, त्याला तिथं पुरेशी जागा नाही. तरी ती निराधारही नव्हती. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं डीडीटीचा समावेश ‘बहुधा कॅन्सरकारक’ गटात केला. कॅलिफोर्नियात १९५९ ते १९६७ या काळात, म्हणजे कार्सन पुस्तक लिहीत होत्या त्याच सुमारास, गरोदर स्त्रियांचं रक्त साठवून ठेवलं होतं. त्यावरच्या २००७ च्या अभ्यासात असं दिसलं, की ज्यांचा डीडीटीशी संबंध लहानपणी, चौदा वर्षांच्या आत आला आणि ज्यांच्या रक्तात त्याचं प्रमाण जास्त होतं, त्यांना तरुणपणी स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता बरीच वाढली. मोठेपणी संपर्क आलेल्यांत तसं दिसलं नाही. म्हणजे कार्सन यांचा स्वतःचा कॅन्सर डीडीटीमुळे झाला असं म्हणायला आधार नाही. त्यांनीही तसं कधी म्हटलं नाही.

त्यांच्यावर दुसरा आरोप होतो तो मलेरियाचा. बाईंमुळे डीडीटी गेलं आणि गरीब देशांत लाखो माणसं हिवतापानं मेली, असं अजूनही कोणी ना कोणी लिहितं. या आरोपाचं उत्तर भारतातच आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू होत असल्याचा अंदाज होता. भिंतींवर डीडीटी मारून दारावर तारीख लिहून जाणारे फवारणी कर्मचारी जुन्या माणसांना आठवत असतील. त्यांच्या कामामुळे १९६५ पर्यंत रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. ही डीडीटीची खरी कामगिरी, ती नाकारता येणार नाही. पण १९७६ मध्ये रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले, आणि तेव्हा भारतात डीडीटीवर बंदी नव्हती. शेतीत त्याचा वापर बंद झाला १९८९ मध्ये, हिवतापासाठी तो त्यानंतरही चालू राहिला. मग मलेरिया परतला कसा? डास डीडीटीला दाद देईनासे झाले होते, परजीवी क्लोरोक्विनला दाद देईनासे झाले होते, आणि यश आल्यावर पाळत ढिली पडली होती. भरमसाट फवारलं तर डास निर्ढावतील आणि हातातलं हत्यार बोथट होईल, हा इशारा ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये एका पूर्ण प्रकरणात दिलेला आहे. सगळी रसायनं बंद करा असं कार्सन यांनी म्हटलेलं नाही. अँटिबायोटिकबद्दल आज आपण जे म्हणतो, तेच त्या म्हणत होत्या.

आणि डॉक्टरांना माहिती नसते हा त्यांचा टोमणा? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले. कपाशी माणसाच्या उंचीची झालेली, वारा उलटा, अंगावर साधा सदरा, तोंडाला फार तर रुमाल. यातली बरीच औषधं डीडीटीच्या जातीची नाहीत, ऑर्गेनोफॉस्फेट गटातली आहेत. त्या गटावरही कार्सन यांनी लिहिलं आहे. ती शरीरात साठत नाहीत, पण तासाभरात जीव घेऊ शकतात. मज्जातंतूंचा संदेश संपवणारं एन्झाइम ती बंद पाडतात. मग बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम सुटतो, स्नायू फडफडतात, श्वास कोंडतो. अशा माणसाचे कपडे आधी काढावेत, अंग साबणानं धुवावं, आणि दवाखान्यात नेताना बाटली बरोबर न्यावी. ॲट्रोपिन लगेच सुरू झालं तर बहुतेक जण वाचतात. पण कोणतं औषध मारलं हे डॉक्टरला कळायला हवं. बऱ्याचदा पेशंटला ते सांगता येत नाही, कारण दोन-तीन औषधं एकत्र मिसळलेली असतात. बाटलीवर विषाची तीव्रता सांगणारा रंगीत त्रिकोण असतो, तांबडा सर्वांत जहाल. सूचना इतक्या बारीक टाइपात असतात की चाळिशीनंतरच्या डोळ्यांना वाचताही येऊ नयेत. त्या त्रिकोणाचा अर्थ पंप पाठीवर घेणाऱ्या किती जणांना कोणी सांगितला आहे?

ऑक्टोबर १९६३ मध्ये कार्सन सॅन फ्रान्सिस्कोला एका परिषदेत बोलायला गेल्या. आजार तोवर हाडांत पसरला होता. त्या बसूनच तासभर बोलल्या. उभं का राहिल्या नाहीत, याचं कारण संधिवातच सांगितलं. तिथं जवळच म्युअर वूड्स हे उंच रेडवूड वृक्षांचं जंगल आहे. ते पाहायची त्यांची फार वर्षांची इच्छा होती. ते त्यांनी चाकांच्या खुर्चीतून पाहिलं. पुढच्या मार्चमध्ये क्लीव्हलँडला पिट्युटरी ग्रंथीत किरणोत्सारी द्रव्य ठेवण्याचा शेवटचा प्रयत्न झाला. १४ एप्रिल १९६४ रोजी सिल्व्हर स्प्रिंगच्या घरी हृदयविकाराच्या झटक्यानं त्यांचं निधन झालं. वय ५६. बारा वर्षांच्या रॉजरला त्यांचे संपादक पॉल ब्रुक्स आणि त्यांच्या पत्नी आपल्या घरी घेऊन गेले.